हुकूमनाम्याच्या आधीचा घटस्फोट

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडतो, त्या दिवशी मुलाच्या आयुष्यात बहुधा काहीच घडत नाही. त्याचा घटस्फोट दोन-तीन वर्षांपूर्वीच होऊन गेलेला असतो. एका संध्याकाळी आई दोन बॅगा आणि त्याला घेऊन एसटीनं माहेरी आली, 'मामाकडं चाललोय, सुट्टीला' असं सांगितलं, आणि ती सुट्टी संपलीच नाही. पुढं कधीतरी जुन्या शाळेतून दाखला आणला गेला, नवा गणवेश शिवला गेला, आणि घरात त्या विषयावर कुणी बोलेनासं झालं.

कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत वेगळं होणं बहुतेक वेळा असंच सुरू होतं. आधी माहेर, मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक, मग पुन्हा नांदायला पाठवणं, मग पुन्हा माहेर, आणि फार उशिरा वकील. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीनं अर्ज करायचा तर आधी किमान 1 वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर पुन्हा 6 ते 18 महिन्यांची मुदत आहे. त्यातली 6 महिन्यांची अट परिस्थिती बघून माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. संमती नसेल तर दावा वर्षानुवर्षं चालतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं अपिलासाठी मुंबई गाठायची दगदग वाचली. पण मुलाचं पहिलं वर्ष, ज्यात सगळ्यात जास्त पडझड होते, ते कोणत्याही कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचायच्या आधीच संपलेलं असतं. आणि नेमकं त्याच वर्षात त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

तशी काडीमोड या गावाला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मध्ये संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला आणि त्याच सुमारास काडीमोडीलाही कायद्याची चौकट दिली. शंभर वर्षं उलटून गेली, तरी गल्लीत अजून 'पोरगी परत आली' असंच दबक्या आवाजात बोलतात. हा दबका आवाज मुलाच्या कानावर पडतोच. काय झालंय ते कळत नाही, पण काहीतरी लाजिरवाणं झालंय एवढं नक्की कळतं. मग प्रत्येक वयाचं मूल त्या न सांगितलेल्या गोष्टीचा आपल्या परीनं अर्थ लावतं. दीड वर्षाचं शरीरातून दाखवतं, चार वर्षांचं स्वतःला दोष देतं, सात वर्षांचं झुरतं, अकरा वर्षांचं भडकतं आणि पंधरा वर्षांचं दार लावून घेतं. वयाच्या या रेघा अर्थातच काटेकोर नाहीत. आठ वर्षांचं एखादं मूल चार वर्षांच्यासारखं वागतं, सोळाचा मुलगा सातच्यासारखा झुरतो.

तान्ह्या मुलाला काय कळतंय, असं म्हणायची पद्धत आहे. शब्द कळत नाहीत हे खरं, पण कुणाच्या हाताला कसा वास येतो, अंगाई कोण कशी म्हणतं, अंघोळीचं पाणी कोण किती कोमट घेतं, हे सगळं त्याला पाठ असतं. त्यातलं एक माणूस अचानक गायब झालं की झोप मोडते, दूध सुटतं, पोट बिघडतं. आई स्वतः रात्र-रात्र जागी असेल तर तिचा ताणही मुलाकडं जातो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 प्रमाणं पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडं राहतो. यावरून वडिलांची गरज पाच वर्षांनंतर लागते, असा सोयीचा अर्थ दोन्हीकडचे लोक काढतात.

भेटीचं गणित या वयात हमखास चुकतं. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, असं वेळापत्रक मोठ्या मुलाला चालून जातं. दहा महिन्यांच्या बाळासाठी पंधरा दिवस म्हणजे ओळख पुसट व्हायला पुरेसा काळ आहे. शिवाय याच वयात परक्या माणसाला बघून रडायची सवय जोरात असते. बाप दोन आठवड्यांनी येतो, बाळ त्याच्याकडं बघून टाहो फोडतं, आणि तो म्हणतो, "हिनंच शिकवलंय." एवढ्या बाळाला असलं काही शिकवता येत नाही. उपाय साधा, पण दोघांच्याही अहंकाराला जड जाणारा आहे: भेटी छोट्या ठेवाव्यात आणि वारंवार ठेवाव्यात. आठवड्यातून तीनदा, सुरुवातीला अर्धा-पाऊण तास, आई नजरेच्या टप्प्यात असताना. चार-पाच भेटींनंतर दोन तास. त्या वेळात बापानं नुसतं कडेवर घेऊन फोटो काढू नयेत. भरवणं, दुपटं बदलणं, झोपवणं यातलं काहीतरी त्याच्या हातून व्हावं. बाळाची नेहमीची गोधडी सोबत जावी, आणि ती धुवून पाठवू नये. नेहमीचा वास हेच तिचं काम असतं.

दीड ते तीन वर्षांचं मूल मागं सरकतं. शी-शू सांगायला लागलेलं पुन्हा चड्डी ओली करतं, कपानं दूध पिणारं बाटली मागतं, बोलायला लागलेलं बोबडं होतं, आईचा पदर सोडत नाही, बाळवाडीत चावतं. रागवून यातलं काही थांबत नाही, उलट वाढतं. झोपायची, जेवायची, अंघोळीची वेळ आणि क्रम तोच ठेवला की साधारण काही आठवड्यांत गाडी रुळावर येते. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र ते मनावर ढकलू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. वडील पुण्या-मुंबईला असतील तर व्हिडिओ कॉल चालतो, पण तीन ते पाच मिनिटांचाच. "मला ओळखलंस का? मी कोण?" ही परीक्षा घेऊ नये. रोज तेच बडबडगीत, तेच चित्रांचं पुस्तक, तीच हाक पुरते. मूल मध्येच पळून गेलं तर त्याला ओढून आणून फोनसमोर बसवायची गरज नाही.

तीन ते पाच या वयावर जास्त थांबायला हवं, कारण इथलं नुकसान दिसत नाही. या वयात मुलाच्या जगाचा मध्यबिंदू ते स्वतः असतं. पाऊस आपल्यासाठी पडतो, चांदोबा आपल्यामागं चालतो, आणि पप्पा आपल्यामुळं गेले. त्या रात्री दूध सांडलं होतं, किंवा 'पप्पा वाईट आहेत' असं रागानं म्हटलं होतं, किंवा नुसतं मनात आलं होतं. मनात आलेलं खरं होतं, असा त्या वयाचा हिशेबच आहे. आणि हे मूल तसं कधी बोलून दाखवत नाही. ते अचानक फार शहाणं होतं. न सांगता पाटी-दप्तर जागेवर ठेवतं, ताटातलं सगळं संपवतं, आणि आजी कौतुकानं म्हणते, "बघा, कसं समजूतदार झालंय लेकरू." चार वर्षांच्या मुलाचा असा अचानक आलेला समजूतदारपणा ही काळजीची गोष्ट आहे. आपण चांगलं वागलो तर पप्पा परत येतील, असा सौदा त्यानं मनातल्या मनात केलेला असू शकतो.

दुसरी भीती त्याहून रोकडी असते. एक जण गेला, म्हणजे दुसराही जाऊ शकतो. म्हणून मूल आई बाथरूमला गेली तरी दाराबाहेर बसतं, बालवाडीच्या फाटकात हात सोडत नाही. इथं घरच्यांचं एक ठरलेलं उत्तर भर घालतं: "पप्पा कामाला गेलेत." बोलणाऱ्याला वाटतं, वेळ निभावली. पण मूल त्यातून शिकतं की कामाला गेलेलं माणूस परत येत नसतं. आणि चार दिवसांनी आईच कामाला निघते! तेव्हा ते जो आकांत करतं, त्याचं कारण घरात कुणालाच सापडत नाही. 'आता आमचं एकमेकांवर प्रेम राहिलं नाही' हे खरं उत्तरही या वयात चालत नाही. प्रेम संपू शकतं हे कळल्यावर मूल पुढचा नंबर स्वतःचा लावतं.

मग सांगायचं काय? शक्य असेल तर दोघांनी एकत्र बसून, घर बदलायच्या आठवडाभर आधी, चार वाक्यांत. "मी आणि पप्पा आता वेगवेगळ्या घरात राहणार. हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय, तुझ्यामुळं झालेलं नाही. मी तुझी मम्मीच राहणार, पप्पा तुझे पप्पाच राहणार. तू आज्जीच्या घरात माझ्याशेजारी झोपणार आणि पप्पा तुला भेटायला येणार." मोठ्या मुलांना दोन-तीन आठवडे आधी सांगितलेलं बरं, इतक्या लहानांना फार आधी सांगितलं तर ती रोज उठून 'आज जायचं?' विचारत बसतात. सांगायची वेळ सुट्टीच्या दिवशी सकाळची असावी, रात्री झोपताना नको, आणि सणाच्या दिवशी तर नकोच. भाऊबीजेला कळलेलं पुढच्या प्रत्येक भाऊबीजेला आठवतं. चार वाक्यं झाली की मूल बहुधा म्हणतं, "माझी सायकल कुठं ठेवायची?" याचा अर्थ त्याला काही वाटलं नाही असा नाही. सायकल, उशी, शाळेची रिक्षा आणि कुत्रं हेच त्याचं घर असतं, आणि त्याला पहिलं उत्तर त्याचंच हवं असतं.

नंतर तोच प्रश्न वीस वेळा येतो. वीसही वेळा त्याच शब्दांत उत्तर द्यायचं. दर वेळी नवं उत्तर मिळालं की मुलाला वाटतं, अजून काही ठरलेलं नाही, म्हणजे बदलता येईल. 'पुढच्या शनिवारी येतील' हे त्याला समजत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं स्वतः रंगवलेला चौकोन आणि 'अजून दोन रात्री झोपायचं' हे समजतं. आणि एकदा चौकोन रंगवला की बापानं यायलाच हवं. बापाला जमणार नसेल तर फोन आदल्या दिवशी यावा आणि तो मुलाशी बोलावा, नुसता निरोप नको. खिडकीत बूट घालून बसलेल्या मुलाला साडेसहाला 'आज नाही जमत' कळवणं, हे असं तीनदा झालं की मूल पुढच्या वेळी बूटच घालत नाही. मग त्यालाच 'हट्टी' ठरवतात.

सहा ते आठच्या मुलाला हे कळतं की आपल्यामुळं झालेलं नाही, निदान डोक्यानं तरी. पण या वयात दुःख उघडं असतं. ते रडतं, बापाचा जुना शर्ट उशाशी घेतं, शाळेत खिडकीबाहेर बघत बसतं, सोमवारी सकाळी पोट दुखतं. पोट खरंच दुखत असतं, ते नाटक नसतं. आणि दोघांना परत एकत्र आणायच्या योजना चालू असतात. ताप आला तर दोघं दवाखान्यात येतील. बक्षीस समारंभाला दोघांना बोलावलं तर शेजारी बसतील. गणपतीत वडिलांच्या घरी आरतीला ताम्हण कोण धरणार, या काळजीमागंही तीच आशा असते. म्हणून या वयाच्या मुलासमोर आई-वडील फोनवर जरा गोड बोलले की ते आठवडाभर फुलपाखरू होतं आणि नंतर आपटतं. गोड बोलू नये असं अजिबात नाही. फक्त त्या रात्री आठवण करून द्यावी की भांडण नसलं तरी घरं दोनच राहणार आहेत.

सणांची वाटणी वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर करून ठेवलेली बरी. गणपतीचा पहिला दिवस एकीकडं, गौरी-विसर्जन दुसरीकडं. दसऱ्याला सोनं लुटायला दसरा चौकात एका वर्षी एकाबरोबर, पुढच्या वर्षी दुसऱ्याबरोबर. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सगळी भावकी गाडी करून निघते, त्या दिवशी मुलाला तिथून वगळलं तर ते त्याला बापापेक्षा चुलतभावंडांसाठी लागतं. आत्या, काका आणि त्यांची पोरं हीही एका फटक्यात तुटतात, आणि त्यांच्या भेटीचा हक्क कुठल्याही अर्जात मागितलेला नसतो.

शाळेला कळवावं. वर्गशिक्षिकेला एकटं गाठून दोन वाक्यं पुरेत: आम्ही वेगळे राहतोय, मुलाला न्यायला अमुक आणि अमुकच येतील. दुसरी-तिसरीत 'माझे कुटुंब' हा निबंध येतोच. फळ्यावर 'माझे बाबा रोज ऑफिसला जातात' असं लिहिलेलं असतं आणि मुलानं ते उतरवून घ्यायचं असतं. बाईंना आधी माहीत असेल तर त्या विषय थोडा सैल करतात, 'माझ्या घरची माणसं' करतात. बातमी पसरेल म्हणून शाळेपासून लपवणारे पालक पुष्कळ असतात. रिक्षावाल्या मामांना बातमी आधीच कळलेली असते, बाईंनाच तेवढी नसते.

भेटीहून परत आल्यावरचा तास-दीड तास हा याच वयाचा प्रांत. मूल दप्तर फेकतं, जेवत नाही, आईला टाकून बोलतं. आई म्हणते, तिकडं कान भरले. उलटीकडं भेटीच्या सुरुवातीला मूल गप्प असेल तर बाप तेच म्हणतो. बहुतेक वेळा दोन घरांमधून जाताना जो ताण येतो तोच असा बाहेर पडत असतो. त्या तासात अंघोळ, गरम भात आणि शून्य प्रश्न. "काय खाल्लंस? घरी कोण-कोण होतं? आज्जी माझ्याबद्दल काय म्हणाली?" ही चौकशी सुरू झाली की मूल मजा लपवायला शिकतं. रंकाळ्यावर वडिलांबरोबर भेळ खाल्ली हे सांगताना सात वर्षांच्या मुलाचा चेहरा अपराधी व्हावा, इतकी वाईट शिकवण दुसरी नाही. अदलाबदलीची जागाही विचार करून निवडावी. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत, इंजिन चालू ठेवलेल्या गाडीच्या दारात, दोन्हीकडचे मामा-काका हाताची घडी घालून उभे, अशी अदलाबदल मूल विसरत नाही. शुक्रवारी शाळेतून बापानं न्यावं आणि सोमवारी शाळेतच सोडावं, ही सगळ्यात निर्धोक पद्धत. मधे दोघांची समोरासमोर गाठच पडत नाही.

याच वयाच्या झुरण्याचा हवाला देऊन बैठकीत आईला सांगितलं जातं, "पोराकडं बघ आणि नांदायला जा." ती जाते. चार महिन्यांत पुन्हा बॅग भरते. मोठ्यांच्या लेखी हा समेटाचा प्रयत्न असतो. मुलाच्या लेखी दर फेरी हा नवा घटस्फोट असतो, कधीकधी नव्या शाळेसकट. परत जायचं असेल तर जरूर जावं, पण आधी नवरा-बायकोनं दोन-तीन महिने बाहेर भेटून, समुपदेशकाकडं बसून बघावं, आणि नक्की झाल्याशिवाय मुलाला सांगू नये.

'पोरांचं वाटोळं होतं' हा बैठकीतला दुसरा हुकमी मुद्दा. यावर गेल्या पन्नास वर्षांत परदेशात बरंच काम झालं आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टाईन यांनी 1971 पासून कॅलिफोर्नियातल्या 60 कुटुंबांतली 131 मुलं पाव शतक अभ्यासली आणि चित्र काळंकुट्ट मांडलं. पण ती कुटुंबं एका सुखवस्तू भागातली होती आणि तुलनेला दुसरा गट सुरुवातीपासून नव्हता. दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तुलनेसाठी न विभक्त झालेली कुटुंबंही घेतली. त्यांना गंभीर अडचणी दिसल्या त्या विभक्त पालकांच्या साधारण 20 ते 25 टक्के मुलांत, आणि एकत्र कुटुंबांतल्या साधारण 10 टक्के मुलांत. म्हणजे धोका दुपटीचा आहे, तो नाकारू नये. आणि बहुसंख्य मुलं सावरतात, तेही नाकारू नये. समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो यांच्या कामातला निष्कर्ष बैठकीतल्या मंडळींनी ऐकण्यासारखा आहे: घरात सतत कडाक्याची भांडणं असतील तर ते लग्न मोडल्यावर मुलं पुढं बरी राहतात, जिथं वरवर सगळं शांत होतं आणि घर अचानक मोडलं, तिथल्या मुलांना जास्त लागतं. म्हणजे ज्या घरातून रोज आरडाओरडा ऐकू येतो तिथं 'मुलांसाठी जमवून घ्या' हा सल्ला सगळ्यात कमी कामाचा आहे, आणि तिथंच तो सगळ्यात जोरात दिला जातो.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला न्याय हवा असतो. चूक कुणाची, हे त्याला ठरवायचं असतं, आणि ठरवलं की ते एका बाजूला जाऊन उभं राहतं. राग त्याला उभं ठेवतो, म्हणून तो राग आपण फार घाईनं विझवू नये. डोकेदुखी, मारामाऱ्या, गृहपाठ न करणं, ज्याच्याकडं राहतं त्याच्यावरच जास्त चिडणं, हे सगळं त्यात येतं. ज्याच्याकडं राहतं त्याच्यावरच, कारण तिथं चिडणं सुरक्षित असतं. आणि नेमकं त्या क्षणी आजोळी कुणीतरी म्हणतं, "बापावर गेलंय बघ!" हे वाक्य मुलाच्या आत खोल जातं. बाप वाईट, हे या घरात ठरलेलं आहे, आपण बापासारखे, मग आपण कोण? बापाच्या घरी हेच आईच्या नावानं चालतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं एक वाक्य बंद करायला लावलं तरी निम्मं काम होतं. हे त्यांना मुलीनं सांगून ऐकलं जात नाही. मामानं किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकतात.

या वयात मुलं निरोप्ये होतात. "पप्पांना सांग, पोटगी आली नाही." "मम्मीला विचार, सही कधी करणार." असा एक निरोपही मुलामार्फत जाऊ नये. व्हॉट्सअ‍ॅप आहे, वकील आहेत, मामा आहेत. आणि मुलं वाचतात. अकरा वर्षांचं मूल कपाटातल्या हिरव्या-निळ्या फायलीतली दाव्याची प्रत काढून सबंध वाचतं. त्यात आईच्या चारित्र्याबद्दल काय लिहिलंय, बापाच्या दारूबद्दल काय लिहिलंय, कुणी कुणाला कधी मारलं, सगळं असतं. दाव्याची भाषा मुद्दाम धारदार केलेली असते हे त्याला माहीत नसतं. फाईल कुलपात किंवा वकिलाकडं ठेवावी, फोनला पासवर्ड असावा, आणि वकिलाशी बोलणं मूल शाळेत असताना उरकावं.

ताब्याच्या दाव्यात न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात बोलू शकतात. पालक व पाल्य कायदा, 1890 प्रमाणं मूल विचार करून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर तिचा विचार करता येतो. त्यासाठी ठरावीक वय लिहिलेलं नाही आणि मुलाची पसंती हाच अंतिम निकालही नसतो. मुलाचं हित सर्वांत वर. पढवलेलं मूल ओळखायला वेळ लागत नाही. दहा वर्षांचं पोर "पप्पांनी मम्मीचा मानसिक आणि शारीरिक छळ केला" असं एका दमात म्हणतं, तेव्हा ते शब्द कुणाचे आहेत हे समोरच्याला लगेच कळतं. नुकसान त्या दाव्याचं होतंच, पण जास्त नुकसान पुढं होतं: आपण एकाला हरवलं, हे ओझं मूल वीस वर्षं वागवतं. मुलाला एवढंच सांगून पाठवावं की साहेब विचारतील ते खरं सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, आणि ठरवायचं काम त्यांचं आहे, तुझं नाही.

"चूक कुणाची?" याला 'कुणाचीच नाही' असं उत्तर या वयात खपत नाही, विशेषतः मुलानं काही डोळ्यांनी बघितलेलं असेल तर. मारहाण बघितलेल्या मुलाला थोडक्यात खरं सांगावं: "मारणं चूक होतं. म्हणून आपण इथं आलो. तू ते थांबवू शकला नसतास." पुढचा तपशील नको. अशा घरात भेटींचं वरचं सगळं गणितही बदलतं. तिथं भेट तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली किंवा कोर्टाच्या आवारात व्हावी, आणि मूल नको म्हणत असेल तर आधी ते का नको म्हणतंय ते शोधावं.

तेरा-चौदानंतर घरात आवाज येईनासा होतो. मोबाईल, कानात हेडफोन, 'मला काय फरक पडत नाय'. फरक पडत असतो. मुलगा तालमीत किंवा मित्राच्या घरी जास्त वेळ काढतो, मुलगी आईची रात्रीची सोबतीण होते आणि तिच्या संसाराची सगळी कहाणी ऐकून घेते. आजोबा खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "आता तूच घरातला कर्ता पुरुष." दहावीतल्या पोराला हे ऐकायला भारी वाटतं आणि पुढच्या महिन्यात तो क्लास सोडून कुठंतरी कामाला लागायचं बोलायला लागतो. कामं द्यावीत, दळण आणणं, बहिणीला शाळेत सोडणं ठीक आहे. घराच्या हप्त्याचा हिशेब आणि आईचं रडणं त्याच्यावर सोपवू नये. आईला बोलायला तिच्या वयाचं माणूस हवं.

या वयाच्या मुलांना न विचारलेला एक प्रश्न छळत असतो, तो पैशांचा. अकरावीला कुठं, क्लासची फी कोण भरणार, हॉस्टेल परवडेल का. 'तू अभ्यास कर, ते आम्ही बघू' हे उत्तर त्यांना पुरत नाही. आकडे सांगावेत. संमतीच्या अटी लिहिताना हेच आकडे त्यात यावेत: कुठल्या शिक्षणापर्यंत फी कोण किती टक्के भरणार, कुठल्या तारखेला, औषधपाण्याचा खर्च कुणाचा, जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यांच्या मूळ प्रती कुणाकडं. 'वडील शिक्षणाचा खर्च करतील' एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर पुढं क्लासची फी शिक्षणात येते की नाही यावर भांडण होतं, आणि ते मुलासमोर होतं. भेटीच्या बाबतीत दुसरा-चौथा शनिवार या मुलांवर लादून चालत नाही. त्यांना क्लास असतो, मित्र असतात. बापानंच त्यांच्या वेळेत जावं. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच शेजारी बसून बघितली, तर न बोलता दीड तास सोबत होते, आणि या वयात ते फार असतं.

ज्या दिसल्यावर वाट बघत थांबू नये, अशा खुणा कुठल्याही वयात सारख्याच आहेत. दोन-तीन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं, मित्र सोडलेले, शाळेला जायलाच नकार, हातावर कापल्याच्या खुणा, आणि 'मी नसतो तर बरं झालं असतं' यासारखं एकदा जरी निघालेलं वाक्य. शेवटच्या दोन गोष्टींत त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा; कोल्हापुरातल्या सरकारी सीपीआर रुग्णालयात तो विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 आणि मुलांसाठीच्या हेल्पलाईनचा 1098 हे दोन्ही नंबर फुकट आहेत आणि मोठ्या मुलाला ते स्वतःला माहीत असलेले बरे.

राहिली ती मार्गी लागलेली मुलं. 'पोरांचं शिक्षण होऊ दे, मग बघू' म्हणून वीस वर्षं काढलेली जोडपी आता अधूनमधून वेगळी होताना दिसतात, आणि पंचविशीतल्या मुलांना काही होणार नाही असं गृहीत धरतात. त्यांना वेगळंच लागतं: मग आमचं लहानपण खोटं होतं का, आणि आमच्यासाठी तुम्ही राहिलात, म्हणजे ते आमच्या खात्यावर का? आणि लग्न ठरलं की सगळं नव्यानं वर येतं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून कुणाची नावं, कन्यादानाला पाटावर कोण बसणार, वडिलांची दुसरी बायको आली तर ती कुठं बसेल, आजोळचा आणि भावकीचा आहेर कुणी घ्यायचा. हे प्रश्न हॉलमध्ये अक्षता वाटताना सुटत नाहीत. पत्रिका छापायला टाकायच्या निदान महिनाभर आधी मुलीनं किंवा मुलानं आपल्याला काय हवंय ते सांगावं, आणि ते दोघांपर्यंत पोचवायचं काम एखाद्या मामा-काकावर सोपवावं, म्हणजे निदान त्या वेळी तरी निरोप्या दुसरा कुणीतरी असेल.